आभायातले डोये

आमच्या इंग्रजीच्या बाईंकडे ‘द पेरिशर्स’ या ब्रिटिश चित्रमालिकेचे काही जुने संग्रह होते. मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेले, पिवळ्या पडलेल्या पानांचे. नववीत ऑफ तास मिळाला की बाई ते घेऊन वर्गात यायच्या. शाळेनं मला जे दिलं त्यात हे तास मी सगळ्यात वर ठेवतो, म्हणून अमृतमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्याविषयीच लिहितो.

‘पेरिशर्स’ १९५९ साली लंडनच्या ‘डेली मिरर’ या दैनिकात सुरू झाली. तिला घडवलं लेखक मॉरिस डॉड आणि चित्रकार डेनिस कॉलिन्स यांनी. क्रॉयंज नावाच्या कल्पित गावातली ही मुलं. आईबापांविना राहणारा वेलिंग्टन, तापट मेझी आणि डोक्यानं मंद पण मनानं भला मार्लन. मार्लनला मोठेपणी मेंदूचा सर्जन व्हायचंय, नाहीतर मोठाले गमबूट घालून गटारात उतरणारा माणूस. वेलिंग्टनचा सोबती म्हणजे बूट, एक थोराड झिपरा मेंढपाळी कुत्रा. १९६०च्या दशकात ब्रिटिश रेल्वेनं शेकडो छोटी स्टेशनं बंद केली, त्यातल्याच एका ओसाड स्टेशनात हे दोघं राहतात. अचलपूरच्या स्टेशनावर ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीची वाट पाहणाऱ्या आम्हा पोरांना ते घर फार आवडायचं.

बाई ते मोठ्यानं वाचून घ्यायच्या. डोळ्यांनी वाचलं तर त्यातली निम्मी गंमत निसटते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. मार्लन लंडनच्या गल्लीत बोलतात तसं बोलतो. ‘एच’ गाळतो, ‘व्हॉट’ हा शब्द डब्ल्यू-ओ-टी असा लिहिलेला असतो. व्याकरणाच्या पुस्तकात ज्याला लाल रेघ बसली असती, ते इथं छापून आलेलं! आणि बूट? आपण अठराव्या शतकातले उमराव होतो, एका जिप्सी बाईच्या शापानं कुत्रा झालो, अशी त्याची पक्की समजूत. त्यामुळे मनातल्या मनात तो उमरावी थाटाची लांबलचक वाक्यं रचतो. मुलांची भाषा रस्त्यावरची आणि कुत्र्याची दरबारी, ही उलटापालट बाईंनी आम्हाला दाखवली नसती तर आम्ही फक्त चित्रं पाहून हसलो असतो.

सगळ्यात रंगायचा तो खेकड्यांचा भाग. उन्हाळ्यात मुलं समुद्रावर जातात आणि बूट खडकातल्या डबक्यात डोकावतो. आतल्या खेकड्यांना पाण्यावर दोन प्रचंड डोळे दिसतात, आणि ते आकाशातले डोळे म्हणजे साक्षात देव, असं मानून त्यांची प्रवचनं नि वादविवाद सुरू होतात. दर वर्षी सुट्टी आली की पुन्हा तेच.

एकदा बाईंनी विचारलं, “हे खेकडे आपल्याकडचे असते तर कसे बोलले असते?” वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा, खेड्यावरून सायकलनं येणारा आमचा एक मित्र उठला. एरवी इंग्रजीच्या तासाला तो तोंड उघडत नसे. तो ओरडला, “अबे पाह्य ना बे! आभायात डोये दिसून रायले!” दुसरा म्हणाला, “काहून बोंबलून रायला? देव हाय थो!” बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग त्या मित्राकडूनच त्यांनी सगळा प्रसंग वऱ्हाडीत करवून घेतला आणि लगेच मूळ इंग्रजी वाचायला लावला. त्यानं तो न अडखळता वाचला. घरची बोली शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यायची, असा तेव्हाचा शिरस्ता होता. तो आमच्या वर्गापुरता त्या दिवशी मोडला.

एका विनोदाला मात्र बाई हसल्या नाहीत. या मालिकेत ‘बी. एच. (कलकत्ता) फेल्ड’ नावाचं एक कुत्रं आहे. ‘बी. एच.’ म्हणजे ब्लडहाउंड, वासावरून माग काढणारी कुत्र्याची जात. ‘बी. ए. (नापास)’ असं नावापुढं लावणाऱ्या भारतीय माणसांवरचा हा टोमणा. बाईंनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, परक्या भाषेत बी. ए.च्या परीक्षेपर्यंत पोचणं ही त्या काळी घराण्यातली केवढी मोठी मजल होती. गल्लीतल्या पोरांच्या बोलीतला विनोद त्या पोरांना आपलंसं करतो, आणि हा दुसऱ्याला दूर उभा करतो. मलाही तो विनोद आजवर रुचलेला नाही. बाकी ‘पेरिशर्स’वरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही.

डॉड २००५च्या अखेरीस गेले आणि २००६मध्ये मालिका थांबली. बाईही आता नाहीत.

स्नेहसंमेलनात आमच्या बॅचतर्फे एक नाट्यवाचन स्पर्धा सुरू करायची इच्छा मी मुख्याध्यापकांना कळवली आहे. कोणतीही गोष्ट घ्यावी, इंग्रजी असो वा मराठी, आणि ती वऱ्हाडीत, कोरकूत, जी आपापल्या घरची बोली असेल तिच्यात सादर करावी. बक्षिसांचा आणि पुस्तकांचा खर्च आम्ही उचलू. पहिल्या वर्षी खेकड्यांचा प्रवेश करायला आमचा तो मित्र स्वतः येणार आहे.