संगमावर

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. फ्लोरेन्समधला दिवस तसा छान गेला, डुओमोचा घुमट बघितला, पोन्ते वेक्कियो पुलावर फोटो झाले, पण आईचा तो एक प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

दुपारी काशिने बागेच्या पार टोकाला गेलो होतो, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची जागा. इंग्लंडहून परत येताना फ्लोरेन्समध्ये वारले, 30 नोव्हेंबर 1870, वय अवघं 20. तेव्हा इटलीत दहन करू देत नसत, खास परवानगी काढून संगमावर अग्नी दिला. 1874 साली तिथे छत्री उभी राहिली, मेजर मँटने आखलेली, त्यानेच नंतर आपल्याकडचा नवा राजवाडा आखला. छत्रीखाली शिल्पकार फुलरने घडवलेला रंगीत अर्धपुतळा, किती कोवळा चेहरा! शेजारच्या पुलालासुद्धा 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे भारतीय. मला तर पंचगंगेच्या घाटावर उभं असल्यासारखंच वाटत होतं.

आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ती बघतच राहिली आणि मग म्हणाली, "शेवटी जवळ कोण होतं गं त्याच्या?" त्याच्या म्हणाली, महाराजांच्या नाही.

म्हटलं अगं बरोबरची माणसं होती, सोबतचा इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट होता. "तसं नाही गं," एवढंच बोलली. मला रागच आला, इतक्या वर्षांनी एकदा इथवर आले तर इथेही हेच का. धाकट्याचा दोन दिवस फोन नाही हे तिला सांगितलं नव्हतं, तरी तिला कळतं का काय कोण जाणे.

आता वाटतं तिने चुकीचं काय विचारलं. महाराज त्या प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहायचे, वेस्टने ती 1872 साली छापून आणली. दिवसभर काय पाहिलं ते इंग्रजीत लिहिता येतं, पण परक्या गावात आजारी पडल्यावर 20 वर्षांचं पोर कण्हणार मराठीतच ना? आणि ते कोणी ऐकलं? बरोबरची माणसं आपलीच होती म्हणा. ऐकलं असेल. असणारच.

मघाशी धाकट्याचा मेसेज आला, "अगं सबमिशन होतं, मग झोपलो." बरं. त्याच्या वयाची पोरं झोपतातच अशी.

सकाळी उफ्फिझी संग्रहालयाची तिकिटं आहेत, ते बघून झालं की परत काशिनेला जायचं ह्यांना सांगून ठेवलंय. आज हातात साधं फूलसुद्धा नव्हतं.