काळ्या घोड्याची चौकशी

बडोद्यात रिक्षावाल्याला ‘सयाजीरावांचा पुतळा’ म्हटलं तर तो क्षणभर विचारात पडतो. ‘काला घोडा’ म्हटलं की लगेच गाडी सुरू. वर महाराज बसलेत, समोरची बाग त्यांच्या नावाची, पण चौकाला नाव मात्र घोड्याचं. माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला यात काहीच वावगं वाटत नाही. तिनं नुकतीच ‘ब्लॅक ब्यूटी’ ही एका घोड्याची कादंबरी संपवली आहे. परवा चौकातून जाताना ती रिक्षातून निम्मी बाहेर वाकून घोड्याचं तोंड न्याहाळत होती.

“काकू, याला तो वरचा लगाम लावलाय का गं?”

वरचा लगाम म्हणजे घोड्याची मान ऐटीत उंच राहावी म्हणून करकचून आवळलेला पट्टा. बघणाऱ्याला रुबाब, घोड्याला धाप. सिग्नल सुटला आणि लगाम बघायचा राहिला तो राहिलाच.

ॲना स्युएलनं हे पुस्तक मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. घोड्यांशी रोज काम पडणाऱ्या माणसांनी ते वाचावं, एवढीच तिची इच्छा. लहानपणी पडून तिचे पाय अधू झाले, तेव्हापासून तिचं जाणं-येणं घोडागाडीवरच. १८७७ मध्ये पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी ती गेली. पुस्तक निघालं त्या साली आमचे महाराजही चौदाच वर्षांचे होते. कवळाण्याच्या शेतकरी घरातून आणून त्यांना गादीवर बसवल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आणि कादंबरीतला तबेल्यातला पोरगा, जो ग्रीन, साडेचौदाचा. दोघांची भेट झाली असती तर गप्पा राजकारणाच्या नक्कीच झाल्या नसत्या.

या जोचं प्रकरण मला सबंध पुस्तकात सगळ्यात खरं वाटतं. मालकीणबाई अत्यवस्थ, म्हणून ब्यूटी रात्री मैलोन् मैल धावून डॉक्टरांना आणतो. परत येतो तो घामानं निथळत. जो त्याचे पाय आणि छाती मनापासून पुसतो, बादलीभर गार पाणी पाजतो, आणि घोड्याला उकडत असणार म्हणून अंगावर पांघरूण घालत नाही. घोडा मरता मरता वाचतो. जोचा बाप गयावया करतो, पोराला कळलं नाही हो. त्यावर कोचमन जॉन भडकतो. न कळणं ही दुष्टपणाच्या खालोखालची वाईट गोष्ट आहे, म्हणतो.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून आणून मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा बारा वर्षांची होते, आणि पुस्तक मिटून ठेवलं. कारण त्याच्या दोन वर्षं आधी, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी, कडुनिंबावरून खारीचं पिल्लू पडलं होतं. अंगठ्याएवढं, डोळे मिटलेले. चपलांच्या खोक्यात जुनं धोतर घालून मी त्याला ठेवलं आणि कापसाची वात दुधात बुडवून तोंडाशी धरत राहिले. दूध म्हशीचं. उन्हाळा म्हणून वाटी माठाला टेकवून गार केलेलं. दर तासाला. “अगं, पुरे, झोपू दे त्याला,” आजी म्हणायची. तिसऱ्या दिवशी सकाळी वात त्याच्या तोंडाशी तशीच राहिली. आजोबांनी तुळशीमागे खड्डा केला. मला कुणी रागावलं नाही. उलट सगळे म्हणाले, “बाळ, तू खूप केलंस.”

ते अगदी खरं होतं.

म्हणून कुत्रा हात चाटतो, हत्ती सोंडेवर घेतो, माकड चोर पकडून देतं असल्या पुस्तकांचा मला चटकन कंटाळा येतो. मुलानं जीव लावला की जनावर परतफेड करायला बसलेलंच असतं! त्यापेक्षा १९३८ चं ‘द इयरलिंग’ बघा. जोडी नावाच्या मुलानं वाढवलेलं हरणाचं पाडस घरच्या मक्याचे कोवळे कोंब खातं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुंपण घातलं तर त्यावरून उडी मारतं. मका म्हणजे त्या घराची वर्षाची भाकरी, हे पाडसाला कोण सांगणार? पुतणीला मी ते अजून दिलेलं नाही. शेवट मला स्वतःलाच पुन्हा वाचवत नाही, हे खरं कारण.

त्या दिवशी रिक्षा सोडून आम्ही विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबलो. हिवाळ्यात मगरी काठावर उन्हाला येतात, आणि बडोद्याची मुलं कठड्याला पोट टेकून त्या मोजतात. एक चांगली मोठी मगर चिखलात पसरली होती, जबडा उघडा, हालचाल शून्य.

“आजारी आहे का ती?”

“नाही गं, ऊन खातेय. तिचं अंग आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही.”

“म्हणजे पांघरूण घातलं तर?”

“काही उपयोग नाही. आतच ऊब नाही, तर पांघरूण काय धरून ठेवणार?”

यावर तिनं बराच वेळ विचार केला. हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती. शेजारचा एक मुलगा खाली वेफर फेकत होता, मगर ढिम्म. पुतणीनंही मूठ भरली, हात कठड्याबाहेर नेला आणि तिथेच थांबवला.

“काकू, मगरी दाणे खातात?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

मग तिनं मूठ आत घेतली आणि दाणे स्वतःच खाल्ले. मला दोन दिले.