शेणाच्या टोपलीमागच्या अठरा ॲम्प्युल

पोळ्याच्या चार दिवस आधी सकाळी सकाळी फोन आला, "डाक्टर, बैल उठस नही, लवकर या." मी खरं तर डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे, पण चोपड्याकडच्या खेड्यांत जो ढोराला सुई मारतो तो डाक्टरच, सत्तावीस वर्षांत कोणाला दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

गेलो तर बैल आडवा, मागचा पाय मांडीपर्यंत सुजलेला, खुराच्या वरच्या जखमेत पू आणि अंग नुसतं तव्यासारखं. तीन दिवसांपासून चाललेलं, मग मला आज का बोलावता म्हटलं तर पोरगा म्हणतो फवारणीची घाई होती आणि इंजेक्शन तर देतच होतो ना आम्ही. कोणतं, ते काही सांगेना. तेवढ्यात शेणाच्या टोपलीमागे पायाखाली काच करकरली, वाकून बघतो तर फोडलेल्या ॲम्प्युल, मोजल्या, अठरा निघाल्या. माणसांचं डायक्लोफेनॅक, दुखणं-सूज उतरवायचं औषध, 3 मिलीची एक, तिच्यात 75 मिलिग्रॅम. रोज सहा फोडल्या की चारशे किलोच्या बैलाचा डोस बरोबर बसतो, पोरगं हिशोबात पक्कं होतं.

आता यातली गंमत बघा. 2006 मध्ये हे औषध गिधाडांपायी जनावरांसाठी बंद झालं, तर लोक माणसांची 30 मिलीची बाटली आणून टोचायला लागले, म्हणून 2015 मध्ये सरकारने माणसांसाठी पण 3 मिलीच्यावर बाटली नको असं केलं. एवढं सगळं करून माझ्यासमोर अठरा काचा. पण पोराला तरी काय बोलणार, आमच्याच दवाखान्यात दोन महिने मेलोक्सिकॅम, म्हणजे त्याच कामाचं पण गिधाडांना न बाधणारं औषध, आलेलं नव्हतं, मी स्वतःच लोकांना बाहेरून आणा म्हणत होतो, आणि मेडिकलवाल्याने जे काढून दिलं ते यांनी आणलं.

सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं, पण जखमेचं विष अंगभर पसरलेलं, दुपारी दीडला बैल गेला.

लगेच साखळी बांधून ट्रॅक्टरने नाल्याकाठी ओढायची तयारी. मी म्हटलं थांबा, हा पुरायचा, जेसीबी बोलवा. पोरगं तापलं, बैल गेला तो गेला वर जेसीबीचे पैसे? त्याला समजावत बसलो की डायक्लोफेनॅक टोचल्यावर एकदोन दिवसांत जनावर मेलं तर ते मांसात, काळजात, किडनीत तसंच असतं, आणि ते खाल्लेल्या गिधाडाची किडनी बसते, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर जमतो, युरिक ॲसिडचा, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. शंभरात एखादं मढं पण असं नको, तेवढ्यानेच पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 1992 ते 2007 मध्ये हजारातलं एक उरली देशात, आणि मादी वर्षाला अंडं देते एकच, भरून कसं निघणार.

इतका वेळ खाटेवर गप्प बसलेले आबा म्हणाले, "पहिले गिधाडे येत, तासाभरात हाडं. आते कुत्राच ऱ्हायनात." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "तुम्हीच देत व्हतात ना हाई इंजेक्शन?"

हो, मीच. नोकरीला लागलो तेव्हा माझ्या बॅगेत सगळ्यात आधी संपायची ती हीच बाटली. म्हैस लंगडली, गाईला ताप आला, बैलाची मान सुजली, की टोच. तासाभरात जनावर उभं, लोक चहा पाजायचे, आणि आपल्याला वाटायचं काय हात आहे आपला! सुई मारून पण न वाचलेली ढोरं याच नाल्याकाठी पडायची. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी गिधाडं मरण्याचं कारण शोधून काढलं, आमच्यापर्यंत कागद यायला अजून दोन-अडीच वर्षं, तोवर मी किती टोचल्या असतील हे मोजायची माझी हिंमत नाही. आणि त्यानंतर शहाण्यासारखं कीटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक पण दिलंय, ती पण गिधाडांना घातकच निघाली. ॲसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या अंगात परत डायक्लोफेनॅकच होतं, ते दोन्ही बंद व्हायला 2023 उजाडलं.

आबांना एवढंच म्हटलं, "हो आबा, मीच द्यायचो."

जेसीबीचे निम्मे पैसे मी दिले. खड्डा भरेस्तोवर पाच-सहा कुत्री बांधावर बसून होती, हाकललं तरी हलेनात. निघताना पोराने गाडी अडवली, जोडीतला दुसरा बैल पण कालपासून पाय टेकत नाही म्हणे. डिकीत मेलोक्सिकॅमची 30 मिलीची एक बाटली होती, माझ्या पैशाने घेतलेली, ती घेऊन परत गोठ्यात गेलो.