तारा न पडलेला खड्डा

डिसेंबरात मस्कतला ताईकडे गेलो होतो. शुक्रवारी भावोजींना सुट्टी, मग सकाळीच तिखटामिठाच्या पुऱ्या डब्यात भरल्या आणि सूरच्या हायवेने निघालो, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला उघडेबोडके करडे डोंगर, दीड तास नुसतं हेच. सिंकहोल, म्हणजे जमीन आत कोसळून झालेला खड्डा, बघायला चाललोय म्हटल्यावर आई म्हणे, सिंक तर ताईकडचं पण तुंबलंय, त्यासाठी एवढं पेट्रोल कशाला!

वाटेत बिम्मा गावाजवळ गाडी लावली, सिंकहोल तिथेच. बाहेरून साधी बाग वाटते, मग कठडा येतो आणि वाकून बघितलं की खाली हिरवंनिळं पाणी. साधारण 70 बाय 50 मीटरचा खड्डा, वीसेक मीटर खोल, उतरायला सिमेंटच्या पायऱ्या. पाण्यात पाय सोडले की बोटाएवढे मासे येऊन टाचांची मेलेली कातडी खातात, भाची किंचाळतेय आणि आई मात्र "खाऊ दे गं, भेगा जातील" म्हणत निवांत बसलेली. पाणी मचूळ लागलं, समुद्र जवळच आहे ना, आतून शिरतो.

अरबी नाव हवियत नज्म. नज्म म्हणजे तारा (नजूमी म्हणजे ज्योतिषी, तोच शब्द) आणि हविया म्हणजे खोल खड्डा. तारा पडून झाला अशी तिथली समजूत, प्रत्यक्षात ही सगळी चुनखडीची करामत. पावसाचं पाणी हवेतला न् मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, झिरपत झिरपत चुनखडी विरघळवतं, खाली पोकळी वाढत जाते आणि वरचं छत एक दिवस धप्पकन खाली.

आपल्या काळ्या कातळाचं असं होत नाही, म्हणूनच बहुतेक मराठीत याला धड शब्द नाही. विवर म्हणावं तर लोणारही विवर आणि कृष्णविवरही विवर. पुण्यात 2024 ला पोस्टाच्या आवारात जमिनीने अख्खा ट्रक गिळला तेव्हा कुणी खड्डा म्हणालं, कुणी भगदाड. मला भगदाड आवडतं, पण ते भिंतीलाही पडतं.

आणि गंमत बघा, लोणारला खरोखर आकाशातून दगड पडलाय, पावणेदोन किलोमीटरचा खड्डा झालाय, पण आपण तिथे लवणासुराची गोष्ट सांगतो. हे आईला सांगितलं तर ती पुऱ्यांचा डबा उघडत म्हणाली, "लोणारला कधी नेलंस रे मला?"