तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात नुसतं बसवता कशाला?

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या योगवर्गाला येणाऱ्या बायका, त्यांना सोडायला येणारे नवरे, लग्नकार्यात भेटणारे पाहुणे, सगळे एकच विचारतात. ‘बाई, वर्ग योगाचा, मग आसनं वीसच मिनिटं आणि बाकीचा वेळ डोळे मिटून बसायचं? त्यानं काय होणार?’ तोंडी उत्तर देताना दरवेळी मी चिडते आणि बोलणं अर्धवट राहतं. म्हणून आज लिहिते.

आसनांवर माझा राग नाही. शाळेपासून माझा जीव आसनांतच. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३६ साली आपले गुरू कृष्णमाचार्य यांच्याबरोबर या भागात प्रात्यक्षिकं दाखवायला आले होते, ती बघूनच आपल्या बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी पुढं १९३७ मध्ये त्यांना पुण्याला बोलावलं, हे मी वर्गात आजही अभिमानानं सांगते. स्पर्धांत मी बक्षिसं घेतली आहेत. अंग कसं वळवायचं हे मला येत होतं, आणि योग म्हणजे तेवढंच, असं मी धरून चालले होते.

आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायू होऊन दुसरं वर्ष चालू होतं. पावसाळ्याचे दिवस. इथला पाऊस तुम्हाला सांगायला नको, चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत. स्वयंपाकघरात दोरी बांधून कशीबशी वाळवलेली शेवटची चादर मी रात्री त्यांच्याखाली घातली होती. पहाटे माझं शीर्षासन पहिल्यांदाच दहा मिनिटं टिकलं. त्या आनंदात खोलीत गेले, तर चादर ओली. ‘हाक मारता येत नाही का?’ म्हणून ओरडले आणि त्यांना कुशीवर न वळवताच चादर ओढली. हिसक्यासरशी त्यांचा हात खाटेच्या लोखंडी कडेवर घासला गेला. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते. मनगटाच्या वर चार बोटं साल सोलवटून निघालं. आधी नुसतं पांढरं दिसलं, मग ठिपक्याठिपक्यांनी रक्त आलं. आत्ती ओरडल्या नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी यांनी पट्टी बघून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्तीच अडखळत म्हणाल्या, ‘झोपेत माझाच हात लागला रे कडेला.’

पतंजलींची योगसूत्रं मला पाठ होती. योगशिक्षकाच्या परीक्षेला विचारतात म्हणून केलेली. एकूण १९५, काही प्रतींत १९६, आणि त्यात आसनाबद्दल थेट फक्त तीन. योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं. त्याच्या आधी यम आणि नियम, म्हणजे कसं वागायचं ते, आणि यमांत सगळ्यात आधी अहिंसा. हा क्रम मी शेकडो वेळा घोकला होता. ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबवणं हाच योग, हे शिकवताना वृत्ती म्हणजे मनात उठणारी लाट, असं मुलांना सांगायची. ती उठताना मी स्वतः कधी बघितली नव्हती. त्या सकाळी ती उठली आणि सरळ हातापर्यंत पोचली. पुढचंच सूत्र म्हणतं की निरोध झाला की द्रष्टा, बघणारा, आपल्या स्वरूपात राहतो. माझ्यात त्या वेळी बघणारं कुणी जागं नव्हतं. त्याची ओळख व्हावी म्हणून मी तुम्हाला बसवते.

स्पर्धा जिंकणारी मी अजून आत आहे आणि ती हुज्जत घालते. म्हणते, पाठीला रग लागली की कसलं ध्यान? हठप्रदीपिकेत, हठयोगाच्या ग्रंथात, आसन हेच पहिलं अंग म्हटलंय की नाही? म्हटलंय. पण केवळ राजयोगासाठी, म्हणजे ध्यानाच्या योगासाठी, ही हठविद्या सांगितली आहे, असं त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला आहे. तरी ती गप्प बसत नाही. ‘आत्तींना दोन वर्षं उचलून तुझी कंबर कशानं टिकली?’ आसनांनीच टिकली. इथं माझ्याकडं उत्तर नाही.

शेजारच्या काकू लिंगायत. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे गळ्यातलं छोटं शिवलिंग, घेऊन त्याच्यावर नजर लावून बसतात. दारात दूधवाला येतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, नजर हलत नाही. गुडघे धरलेत, म्हणून बसतात खुर्चीवर. आसन एकही येत नाही त्यांना. त्यांना बघितलं की माझ्या बक्षिसांचं काय करावं तेच कळत नाही.

‘त्यानं काय होणार?’ वजन उतरणार नाही, हे आधीच सांगते. मला काय झालं म्हणाल, तर राग येतोच. कधीकधी तो घशाशी आलेला कळतो आणि तिथं क्षणभर थांबता येतं. कधी कळतही नाही. गेल्या महिन्यातच मुलीवर हात उगारला होता, खाली घेतला. तो बसण्यामुळं खाली आला की ती आता माझ्याहून उंच झालीय म्हणून, हे मला खरंच सांगता येणार नाही.

आत्तींना जाऊन सहा वर्षं झाली. जखम भरली होती, पण तिथली कातडी शेवटपर्यंत चकचकीत, गुलाबी राहिली. अंघोळ घालताना मी तिथं हळू हात फिरवायची, त्याही फिरवू द्यायच्या. यांना अजून वाटतं, झोपेत लागलं. यमांत अहिंसेनंतर लगेच सत्य येतं. हा कागद आज रात्री यांना वाचायला देणार आहे.