तिथीची पाऊणपट

ऐरोलीतल्या एका शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवते. पर्यावरणाचा पाठ आला की वर्षानुवर्षं मी वितळणारा बर्फ आणि त्यावरचं अस्वल दाखवत आले. मुलं प्रदूषणाचे दुष्परिणाम घडाघडा लिहायची आणि हाकेच्या अंतरावरच्या ठाणे खाडीला 'नाला' म्हणायची. ते मला फार लागायचं. गेल्या वर्षी ठरवलं, आधी खाडीची ओळख, धोक्यांचं नंतर बघू.

मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतिपत्रं आणि बस यांत तीन आठवडे गेले. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे मी वर्गात सांगून ठेवलं होतं. पोचलो पौर्णिमेला, सकाळी साडेअकराला. समोर काठोकाठ पाणी! फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि तो चिखलच बुडालेला. एकही पक्षी न बघता मुलं परतली.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीची आजी शाळेत आली. कोळीवाड्यातली, जन्म खाडीवर गेलेला. म्हणाली, "बाय, तिथी बगून जायाचं." मग तिने हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. षष्ठीला साडेचार, म्हणजे ओहोटी साधारण साडेदहाला. मुलांनी दोन तास वहीत तिथ्या मांडल्या. अपूर्णांकांचा इतका सराव माझ्याकडून कधी झाला नव्हता.

षष्ठीला आजीही बसमध्ये होती. दूरवर गुलाबी पट्टा दिसला आणि सगळी मुलं एकदम गप्प झाली. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे पिसांना हा रंग येतो, हे मी सांगितलं खरं, पण त्या क्षणी कुणी ऐकत होतं असं वाटत नाही. तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या एका झाडाच्या, पानाला मागून जीभ लावायला सांगितली, तेव्हा मात्र सगळे जवळ आले. खारट! जास्तीचं मीठ झाड पानांतून असं बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली त्याची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी दिसत होती. त्यांच्यामध्ये निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. आजी म्हणाली, "पयले टोपली भरून मिलायच्या."

एका मुलाने मुळांत अडकलेली पिशवी सोडवली आणि विचारलं, "बाई, ही नाकावर बसली तर झाड गुदमरणार ना?" मी म्हटलं, पिशवीपेक्षा डेब्रिज वाईट. मातीविटांचा भराव पडला की मुळं गाडली जातात, भरतीचं पाणी आत येत नाही आणि खारफुटी उभ्या उभ्या वाळते.

मागून हळू आवाज आला, "माझे पप्पा डेब्रिजचा डंपर चालवतात."

सगळे त्याच्याकडे वळले. त्याची मान खाली गेली. धोक्यांचं शिकवताना बोट कुणाकडे वळतं याचा विचार मी आधी करायला हवा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, डंपर भरतो ते कुणाचं असतं? कुणीतरी म्हणालं, पाडलेल्या बिल्डिंगचं. "आमचीच पाडतायत," एक मुलगी म्हणाली. वर्गातल्या पाच जणांच्या सोसायट्या पुनर्विकासाला गेलेल्या निघाल्या.

बांधकामाच्या राडारोड्याची जबाबदारी तो ज्याच्या कामातून निघतो त्याची, असं २०१६ च्या नियमांत म्हटलं होतं. म्हणून मुलांनी पाचही सोसायट्यांना पत्रं लिहिली: आमच्या घराच्या विटा कुठे जाणार? डंपरवाल्या मुलाने त्यात एक ओळ घातली, 'राडारोडा कुठे टाकायचा ती जागा चालकाला लेखी द्यावी.' ती त्याने पप्पांना विचारून लिहिली होती.

दोन सोसायट्यांनी उत्तर दिलं. उरलेल्या तिघांना मुलं स्मरणपत्रं लिहीत आहेत.