मंगळवारचं स्लॉपी जो

इथे अमेरिकेत स्लॉपी जो म्हणजे ग्राउंड बीफचा रसरशीत खिमा बनमध्ये भरून, आणि मुलांची प्रॅक्टिस संपून घरी यायला सात वाजतात तेव्हा मला तरी याच्याइतकं हक्काचं जेवण दुसरं सुचत नाही. एक पाउंड खिमा (साधारण ४५० ग्रॅम) गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत परतायचा, मग कांदा, ढोबळी मिरची आणि किसलेलं गाजर, गाजर हवंच, ते इतकं मिळून येतं की धाकटी दोनदा मागून घेते. केचप, मस्टर्ड, वुस्टरशर सॉस, चमचाभर ब्राऊन शुगर. मॅनविच या तयार स्लॉपी जो सॉसचा डबा १९६९ पासून मिळतोय, पण घरचा सॉस वीस मिनिटांत होतो हो! बन मात्र पावभाजीच्या पावासारखा बटर लावून तव्यावर भाजा, नाहीतर लगेच भिजून तुटतो.